कारण या रकान्यात

कामतसाहेब निवृत्त झाले तेव्हा
आम्ही वर्गणी काढून त्यांना छत्री दिली.
सोमवारी हुक्केरी आला.
पहिल्याच दिवशी त्याने आमच्या पाठी मोजल्या
आणि पाठींना नंबर दिले.
मी चौदा.

बावीस वर्षं काजूगर निवडते आहे वेंगुर्ल्याच्या या शेडमध्ये.
दोनशे दहा, दोनशे चाळीस, तीनशे वीस,
आधी बोटांना कळतं, मग डोळ्यांना.
पाकळी वेगळी, कणी वेगळी,
डागाळलेला पुन्हा सुरीकडे.
हुक्केरी मागे उभा राहतो, हातात मोबाइलचं घड्याळ.
मग बोटं घड्याळ ऐकायला लागतात
आणि दोनशे चाळीसात तीनशे वीस पडतो.
"चौदा, हे काय?"
हे तू, असं ओठांवर येतं.
ते मी तांबड्या सालीबरोबर फुंकून टाकते.

प्रत्येकीने आपापलं काढलं काहीतरी.
फ्रान्सिना सगळ्याला हो म्हणते आणि करते पूर्वीचंच.
जुलेखा भांडते,
मग रात्रभर कपाळाला बाम.
शेवंता गावडे देवळात जाऊन गाऱ्हाणं घालून आली,
"बा म्हाराजा, ह्येका इल्या वाटेन परत धाड."
नारळ कुजका निघाला.
तो कुणाला लागू, यावर आम्ही दोन दिवस बोललो
ओठ न हलवता.

मग वही आली.
बाहेर जाताना लिहायचं: नंबर, वेळ, कारण.
दोरीला बांधलेलं पेन,
जसं काही आम्ही पेन पळवू.
खरं कारण लिहायला बायका लाजतात, पाणी लिहितात.
हुक्केरीच्या हिशेबाने
आम्ही विहीर संपवली असेल.

गुरुवारी तीन वाजून दहा मिनिटांनी
मी कारण या रकान्यात लिहिलं:
समुद्र बघायला.

धाडस नव्हतं ते. मी तेच करते.
भट्टीमागे टरफलांची पोती रचतात,
तिसऱ्या पोत्यावर उभं राहिलं
की सुरूच्या झाडांमधून दिसतो,
अंगठ्याच्या नखाएवढा.
कधी निळा, बहुतेकदा पत्र्यासारखा.
दोन मिनिटं.
तेवढ्यात बोटं परत माझी होतात.

वीस रुपये कापले.
पगाराच्या पाकिटावर लिहिलं होतं: चौदा, शिस्त.
घरी सांगितलं नाही.
फ्रान्सिना म्हणाली, "वीस रुपयांत दर्या? स्वस्त गावलो गो तुका."
पुढच्या आठवड्यात मी पुन्हा तेच लिहिलं.
त्याच्या पुढच्याही.
हट्ट म्हणा. दुसरं काही सुचत नव्हतं, हेही खरं.

एकदा त्याने वही हातात धरून विचारलं,
"इथून कुठे दिसतो समुद्र?"
मी बोट दाखवलं.
तो तिकडे न बघता केबिनमध्ये गेला,
कारण मालकांचा फोन वाजत होता.
काचेआड तो उभ्याने बोलतो मालकांशी,
समोर कुणी नसताना मान हलवतो.
जुलेखा म्हणाली, "बघ, बघ."
मी बघितलं.
मला वाटलं होतं बरं वाटेल.

शनिवारी, सगळ्या गेल्यावर,
डबा विसरले म्हणून परत आले.
तिसऱ्या पोत्यावर बुटाचा ठसा होता,
चौकोनी टाचेचा.
आमच्यात बूट कुणी घालत नाही.

सोमवारी काही बदललं नाही.
मी चौदाच. वही दाराशी. पेनला दोरी.
कापलेले साठ रुपये परत आले नाहीत,
येणारही नाहीत.

फक्त जाताना मी त्या थप्पीवर
आणखी एक पोतं चढवून ठेवलं.
माया वगैरे काही नाही हो.
पोती कुठेतरी ठेवायचीच असतात,
आणि तो माझ्याहून चार बोटं बुटका आहे.