कारणाचा रकाना

नोंदवहीत शेवटचा रकाना कारणाचा.
दीड बोट रुंद.
मावतं तेवढं लिहायचं: नकार, गैरहजर, बाहेरगावी.
न मावलेलं माझ्याबरोबर घरी येतं
आणि भाकरी थापताना एकेक आठवतं.

धारूरच्या घाटाखाली आमचं गाव.
नववीच्या तेवीस पोरी, एक माझी.

मोनालीचा बाप मुकादम. मोबाईलच पुढं धरला,
"बघा, तिकडं पोरी चक्कर येऊन पडल्यात.
पुढं लेकरू होत नाही म्हणतेत."
कोण म्हणतंय?
"आलंय ना सगळीकडून."
ह्या सगळीकडूनपुढं
माझं दोन दिवसांचं प्रशिक्षण
चप्पल हातात घेऊन उभं राहिलं.

अलफियाच्या अम्मीनं चहा दिला, बशीभर जास्तच.
"दवाखान्याच्या मॅडम एक शब्द बोलल्या की देते.
तुम्ही घरच्याच, तुमचं काय ऐकायचं?"
मॅडम गुरुवारी येतात.
गुरुवारी बाजार.

द्वारकाबाईनं दारातूनच विचारलं, रोग कशाचा?
सांगायला गेले तर जीभ अडली.
त्या जागेला आमच्यात नावच नाही.
अंगावरून जातं, म्हणतात.
काय जातं, कुठवर, किती वर्षं,
हे विचारायची रीत नाही.
तेवढ्यात तीच म्हणाली,
"मव्ही पोर तसली नाही, बाई."
आणि कडी लावली.

सत्यभामा कोयता घासत बसली होती.
मान वर न करता म्हणाली,
"मव्ही पिशवी काढली तिशीत. जावंची काढली.
कस्तुराचीबी काढतेल एक दिवस.
मग राहतंय काय, जपायला?"
दगडावर कोयता मागं-पुढं, मागं-पुढं.
मी वही उघडली, मिटली,
पुन्हा उघडून लिहिलं: बाहेरगावी.
दसऱ्यानंतर ते खरंच झालं.

सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच,
"आधी तुझ्या पोरीला दे."
घरी नवरा म्हणायचा,
"आधी गावातल्या पोरींना दे, काय होतंय बघू."
ही दोन वाक्यं समोरासमोरच्या ओट्यांवर
महिनाभर बसून होती.
आधी कोण उठणार?

मग एका रात्री शिवकन्यानं
माझ्याच थैलीतला फॉर्म काढला
आणि शाळेत धडा वाचावा तसा वाचला,
"आई, तिरकी रेघ, वडील, तिरकी रेघ, पालक, यांची सही."
थांबली.
"आई, तुझं नाव तर पहिलंय."

बावीस घरांत मी विचारलं होतं,
मालक कधी येतील?

मानधनाच्या कागदावर करते तीच सही केली.
जरा मोठी आली.
नवरा पाणी प्यायला उठला, कागद पाहिला,
तांब्या ठेवला, झोपला.
चार दिवस बोलला नाही.
पाचव्या दिवशी विचारलं, "ताप आला का तिला?"

उपकेंद्राच्या व्हरांड्यात पहिली तीच.
दुखलं का गं?
"विंचवापेक्षा कमी."
हिला विंचू कधी चावला?
मग अर्धा तास बाकावर बसायचं असतं, नियमच आहे.
खिडकीच्या गजांना पोरी लटकल्या होत्या,
तिच्या दंडाकडं कुणी बघत नव्हतं,
सगळ्या तोंडाकडं.
तिनं मुद्दाम डोळे पांढरे केले.
मी एक धपाटा घातला.
त्या हसण्यात निम्म्या घरांची भीती गेली
असं लिहायचा मोह होतो,
पण त्या दिवशी आल्या नऊच.

अलफिया आली, अम्मीसकट. बाजार बुडवून.
मोनालीनं हापशावर हळूच विचारलं,
"आईचा अंगठा चालतो का?"
चालतो, म्हटलं. तिनं घागर उचलली.
अजून आली नाही.

कस्तुरा कर्नाटकात, पाचटाच्या खोपीत,
धाकट्या भावाला सांभाळते.
फोन लागत नाही, लागला तर वारा ऐकू येतो.
तिच्या नावापुढचं 'बाहेरगावी' मी खोडलंय
आणि पेन्सिलीनं लिहिलंय: येणार.

तालुक्याच्या साहेबांनी वही तपासली.
म्हणाले, हे कारण होत नाही.
आणि पेन्सिल चालत नाही.