कारणाचा रकाना

अकरा दिवस. बाराव्या दिवशी भरतीला
गोदीचं दार उघडायचं आणि 'लोमुर' पाण्यात.
दक्षिणेच्या बेटाला एवढी एकच फेरी:
दूध, टपाल, दात दुखणारी माणसं,
आणि सोमवारी जाऊन शुक्रवारी परतणारी एक शिक्षिका.

मी भिंतीवर कागद लावला, सव्वातीन मीटर.
एकशे बेचाळीस कामं, प्रत्येकाची एक पट्टी,
पट्टीतून पट्टीत शिरणारे बाण.
शाफ्ट निघाल्याशिवाय बेअरिंग निघत नाही,
बेअरिंग बसल्याशिवाय शाफ्ट परत जात नाही,
रंग वाळल्याशिवाय रंगारी कुणाशी बोलत नाहीत.
लाल रेघ मी स्वतः ओढली.
तिच्यावरचं काम एक दिवस हुकलं
की जहाजच एक दिवस हुकतं.
बाकीच्या पट्ट्यांना थोडी थोडी सवड होती.
लाल रेघेला सवड नसते,
घरातल्या थोरल्या मुलीसारखी.

पहिली माशी शिंकली ती मेंढ्यांवरून.
वेल्डर हेदिन म्हणाला, गुरुवारी मी डोंगरावर.
ऑक्टोबर; कळप खाली आणायचे दिवस.
मी विचारलं, आणखी कोण?
तेवीस हात वर आले.
ओरडून काय उपयोग, माझे भाऊही त्याच उतारावर धावतात.
मग मी डोंगरांची यादी मागवली:
कुणाच्या मेंढ्या कुठे, कुठलं गाव कधी हाकणार.
रजेच्या जागी डोंगरांची नावं लिहिली,
तीन फोन केले, दोन गावांनी दिवस बदलले.
गोदीत कुजबुज झाली, ही उंटावरून शेळ्या हाकते.
हाकल्या खऱ्या. गुरुवारी अकरा वेल्डर हजर होते.

मग दान्यल.
शाफ्टची रेषा जुळवणारा एकच माणूस, वय एकोणसत्तर.
माझ्या कागदावर त्याच्या कामाला आठ तास.
तो टोपी न काढता कागदापुढे उभा राहिला.
"आठ बरोबर. पण दिवसाला दोनच. पहाटे.
उन्हानं जहाज वाकतं."
किती?
त्यानं भुवईचा एक केस उपटून दाखवला.
"ढग असतील तर दिवसभर चालेल."
मी हसले. ऑक्टोबरात, आमच्या बेटांवर, ऊन?
हवामान खात्यानं आठवडाभर ढग दिले होते.
त्या ढगांच्या भरवशावर मी दीड दिवस वाचवला.

सातव्या दिवशी ऊन पडलं.
लख्ख, निर्लज्ज ऊन.
रंगारी बाह्या सरसावून भिंतीला टेकले,
कॅन्टीनच्या सुन्वानं टेबलं बाहेर आणली,
कुणी कुणी तर डोळे मिटून नुसतेच उभे.
अख्ख्या फ्योर्डमध्ये शिव्या देणारी मी एकटी.
दान्यल शिव्या देत नाही.
त्यानं जहाजाच्या डाव्या कुशीला तळहात लावला,
ताप बघावा तसा, आणि घरी झोपायला गेला.

त्या रात्री मी अर्धा कागद खोडला.
पहाटे चार ते सहा: कॉम्प्रेसर बंद, क्रेन बंद,
हातोडा नाही, ग्राइंडर नाही;
दान्यलची ताणलेली तार पावलांनीही थरथरते.
या पट्टीला नाव काय द्यावं कळेना.
शेवटी लिहिलं,
काम: शांतता. माणसं: सगळी.

चार पहाटा.
चाळीस माणसं खिशात हात घालून उभी,
हेदिनच्या हातात थर्मास, झाकण न उघडलेला,
आणि जहाजाच्या पोटातून दान्यलचा आवाज:
"अजून एक केस."
मग बराच वेळ काहीच नाही.
मग, "अर्धा."

एक दिवस उशीर झाला.
शिक्षिका मंगळवारी गेली; म्हणे, मुलांनी आक्षेप घेतला नाही.
अहवालात 'उशिराचं कारण' या रकान्यात
मी लिहिलं: ऊन.
मुख्य कार्यालयातून कागद परत आला,
कृपया नेमकं कारण लिहावं.

मी खिडकीबाहेर पाहिलं. धुकं, पाऊस,
समोरचा डोंगरसुद्धा दिसत नव्हता.
पेन घेतलं, आणि लिहिलं:
सातव्या दिवशी, सकाळी दहापासून, ऊन.