भिंतीच्या अलीकडे

त्रिएस्तेच्या बंदराजवळ एक किनारा आहे,
मधोमध भिंत घातलेला.
वाळू नाही, नुसते गोटे.
भिंत गोट्यांवरून चालत जाते
आणि कमरेएवढ्या पाण्यात थबकते,
पुढचा धीर झाला नसावा.

पलीकडे पुरुष. अलीकडे आम्ही.
मी तिकिटं फाडते.
बावीस उन्हाळे झाले.

भिंतीला कान असतात म्हणतात,
हिला तर असणारच, आम्ही बोलतो किती!
पण डोळे नाहीत हिला,
आणि तेवढ्या एका उणिवेवर
आम्ही सगळ्या इथं पसरून पडतो,
उन्हात वाळत टाकल्यासारख्या.

साडेसातला पहिली येते ओंदिना.
वय एक्याऐंशी, पोहण्याचा पोशाख लिंबासारखा पिवळा.
पिशवीत चार जर्दाळू, शब्दकोड्यांचं पुस्तक,
नवऱ्याच्या जहाजाचं नाव विणलेला टॉवेल
(जहाज भंगारात गेलं, नवराही गेला, टॉवेल टिकला)
आणि लाल लिपस्टिक.
पाण्यात उतरण्याआधी ती ओठ रंगवते.
एकदा मी विचारलं, आत कोण बघणार आहे?
म्हणाली, मासे काय आंधळे असतात?

तिला उजवीकडे छाती आहे.
डावीकडे एक आडवी शिवण.
पोशाखाचे पट्टे ती खाली करते
आणि त्या शिवणीलाही ऊन देते,
दोन लेकरांत भेदभाव नको म्हणून.

या जुलैत नेझा आली.
वरच्या पठारावरची, स्लोव्हेन बोलणारी, एकोणीस वर्षांची.
तीन दिवस अंगात भावाचा लांब शर्ट,
हात छातीवर घट्ट बांधलेले,
कुणी चोरून नेईल काहीतरी, तशी.
चौथ्या दिवशी ओंदिनानं तिच्या पुढ्यात
तेलाची बाटली धरली आणि पाठ केली.
"माझा हात पोचत नाही, पोरी."
(खोटं. मी बावीस वर्षं बघतेय, पोचतो.)

नेझाचे तळवे फिरले.
तीळ, घड्या, पोशाखाचे वळ,
खांद्याखालची लोंबती कातडी.
नंतर मला म्हणाली,
वाटलं होतं खरखरीत असेल.
पण पुष्कळदा धुतलेल्या चादरीसारखी आहे.
कधी काढला माहीत नाही,
दुपारी शर्ट भिंतीवर पडला होता,
एक बाही पुरुषांकडे.

आता माझं सांगते.
मी छप्पन्न वर्षांची.
आई म्हणायची, लिचा, पोट आत.
फोटोत आत, लग्नात आत,
साहेबापुढे, डॉक्टरपुढे,
घटस्फोटाच्या कागदावर सही करतानासुद्धा आत.
चाळीस वर्षं मी अर्धाच श्वास घेतला
आणि त्यालाच रूप समजत राहिले.
काचेच्या खोलीत बसायचे, वर जाकीट,
बायका माझ्या समोरून उघड्या व्हायला जायच्या
आणि मी त्यांना सुट्टे पैसे द्यायचे.

परवा सप्टेंबरचा शेवटचा रविवार.
खोलीला कुलूप लावलं.
जाकीट काढलं, मग बाकीचं.
गोटे टोचत होते.
ओंदिनाशेजारी बसले आणि
पोट सोडलं.

ते मांडीवर आलं, आरामात,
घरी परतलेल्या मांजरासारखं.
वाटलं होतं, सगळ्या वळून बघतील.
एकीनं सँडविच सोलून खाल्लं.
एकीनं नातीच्या नाकाला क्रीम लावलं.
मलाच राग आला थोडा:
चाळीस वर्षं! आणि कुणी साधं बघेना!

ओंदिनानं कोड्यातून मान वर न करता विचारलं,
"थंडीत येतो, टोप्या पळवतो, कोण?"

"बोरा," मी म्हणाले.
पण आवाज बेंबीजवळून निघाला होता,
इतका रुंद, इतका माझा,
की भिंतीपलीकडून
एक म्हातारा ओरडला,
"बरोबर!"