बैठक

आमच्यात माणसाला आडवं करत नाहीत,
बसवतात.
अप्पांनाही बसवलं, मांडी घालून, भिंतीला टेकवून,
डाव्या तळहातावर इष्टलिंग.
मान सावरायला कुणी उशी शोधत होतं,
तेव्हा मला आठवलं, उशी नाही, घोंगडी.
उंची कशीबशी भरली होती भरतीत.
पॅडलला पाय पोचावेत म्हणून
पाठीमागं काळ्या घोंगडीची घडी घेऊन
तेवीस वर्षं उडलेला माणूस.

'विंग कमांडर मन्मथ गुरलिंगप्पा बिरादार (निवृत्त)'
उदगीरच्या घरावर पाटी अजून आहे,
त्यातल्या निवृत्तमधला 'नि' उडालाय.

पहिलं विमान पाहिलं ते पोलीस ॲक्शनच्या सालात.
सगळं गाव पिवळ्या ज्वारीत दडलेलं.
'कुंद्रु, मन्मथा, कुंद्रु!' आई कानडीतून ओरडत होती,
बस खाली, बस.
हे बांधावर उभे, तोंड वर करून, सोळा वर्षांचे.
'तवा बसलो असतो,' म्हणायचे,
'तर बसूनच राहिलो असतो की.'

रेडिओवर इंग्रजी बोलायचे,
उंची मोजायचे उर्दूत, निजामाच्या शाळेतली सवय,
आठ हज़ार, नौ हज़ार,
आणि ढगात अडकलं की थेट आईची कानडी.

शाळेतून येऊन मी विचारलं होतं,
'अप्पा, तुम्ही बॉम्ब किती टाकले?'
'डाळ टाकली,' म्हणाले. 'तुरीची.
मीठ, गूळ, रॉकेल. एकदा तर जित्या बकऱ्या,
छत्रीला बांधून.
त्या गप होत्या, मलाच ओरडावं वाटायलं होतं.'

एका हिवाळ्यात अकरा पोती चुकली.
वाऱ्याचा अंदाज अर्ध्या फर्लांगानं हुकला,
पोती दरीत.
खाली चौकीत एकोणीस माणसं होती.
पुढं काय झालं, कधीच सांगितलं नाही.
पण गावात कुणाचंही लग्न असो,
शेवटची पंगत उठेपर्यंत हे जेवत नसत.
वाढप्याला धरून विचारत,
'टोकापर्यंत पोचलं का?'

वाऱ्याचं मात्र गावानं त्यांच्यावरच सोपवलेलं.
उफणायच्या दिवसांत वारं पडलं
की गयाबाई सूप घेऊन दारात,
'अप्पा, कवा यील ओ?'
हे खळ्यावर जाऊन मूठभर भुसा सोडायचे,
डोळे बारीक करून म्हणायचे,
'पश्चिमेकडनं. वीस मिनिटं थांबा.'
कधी यायचं.
कधी बाया चार वाजेपर्यंत तशाच बसून
आणि हे मागच्या दारानं घरात,
जेवायलासुद्धा बाहेर नाहीत.

आजी एकदाच विमानात बसली, तीर्थयात्रेला,
चढल्यापासून उतरेपर्यंत डोळे मिटून.
'इतकं काय भ्यायचं?' अप्पा चिडले.
'तुम्ही माझ्या शेजारी बसला होता,' ती म्हणाली,
'मग पुढं कोण होतं?'

ब्याण्णव वर्षं.
शेवटच्या महिन्यात घरातली नावं निसटली,
मला ते माझ्या आत्याच्या नावानं हाक मारायचे,
पण झोपण्याआधीची उजळणी चुकली नाही:
गॅस, बंद. नळ, बंद. कडी, लावली.
आणि आपण 'लावली' म्हणेपर्यंत
दिवा मालवू द्यायचे नाहीत.

जंगमस्वामींनी पावलं टाकून खड्डा मोजला.
तोंड नेमकं कुठल्या अंगाला, यावर काकांचं थोडं वाजलं.
मी फोनमधलं होकायंत्र काढलं, सुई नुसती फिरत राहिली.
अप्पा असते तर मूठभर भस्म सोडून सांगितलं असतं.

आत उतरवल्यावर मी घोंगडीची घडी दिली,
सदाशिवकाकांनी न विचारता ती पाठीमागं सरकवली.
मग बेल, मग भस्म, मग मीठ.
पोतं रिकामं करताना काकांचा हात हलला,
थोडं मीठ काठावरच सांडलं.
लोक हात झटकून निघाले होते.
मी गुडघ्यावर बसले,
मातीतून खडे निवडत,
आणि ओंजळीनं आत सोडले,
सगळे.