रिकामा पंप

अकुरेरीत माझं काम दातांचं.
लोकांच्या तोंडातल्या पोकळ जागा
मी आधी मेणात भरते, मग चिनीमातीत,
खिडकीपाशी, एकटी, रेडिओ बारीक करून.
हे मला आवडतं.
एवढं वाक्य म्हणायला एकोणीस वर्षं लागली.

लहानपणी गवताच्या कोठारात माझा श्वास अडायचा,
हे खरं.
पाठुंगळीला घेऊन बाबा बर्फातून दवाखान्यापर्यंत चालले,
हेही खरं.
चोविसाव्या वर्षी डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
स्टेइनवोर, दमा गेला तुझा,
आता खुशाल मेंढ्या पाळ.
हे मी घरी सांगितलं नाही.

ताकाला जाऊन लोक भांडं लपवतात,
मी भांडंच मिरवलं.
दर सप्टेंबरात, कळप डोंगरावरून उतरतो त्या दिवशी,
दम्याचा निळा पंप दिसेल असा खिशात खोचून
कुंपणाच्या अलीकडे उभी राहायचे.
आत्या हळहळायची.
शेजारचा एगिल म्हणायचा,
पोरीची छाती धड असती तर हाल्ग्रिमुरला वारस होता.
मी मान खाली घालायचे.
पंपात तर औषधही नव्हतं,
हलवला तरी वाजत नसे.

रात्री मात्र हिशेब चालायचा.
बाबांचा गुडघा माझ्या नावावर,
कोठाराचं गळकं छप्पर माझ्या नावावर,
आणि मे महिन्यातल्या वादळात गेलेली अकरा कोकरं,
ज्यांना मी पाहिलंही नव्हतं.

या वर्षी कुंपणाच्या आत गेले.
मेंढवाडा चाकासारखा गोल,
दोन आऱ्यांमध्ये एकेका घराचा कप्पा.
आमची खूण: डाव्या कानाला खाच, उजवा टोकाशी छाटलेला,
खापरपणजोबांपासून तीच.
एक मेंढी गुडघ्यांत धरून मी तिचा कान चाचपला,
आणि मग, कुणी बघत नाही असं बघून,
माझा.
गुळगुळीत होता.

रात्री रश्श्याच्या वाडग्याशेजारी पंप ठेवला.
म्हटलं, बाबा, हा कधीचा रिकामा आहे.
छाती चांगली आहे माझी.
मला मेंढ्या नको होत्या.
पहिल्यापासूनच नको होत्या.

बाबांनी हाड चोखून ताटलीत ठेवलं.
‘मांजर हरवली होती त्या साली
तू दुपारभर कोठारात तिची पिल्लं शोधलीस.
शिंकलीसुद्धा नाहीस.’
मग बोलला का नाहीत?
‘म्हटलं, तू बोलशील.’
जरा थांबून, ‘राग होता. दोनेक वर्षं.
मग कोकरांचे दिवस आले की विसरायचो.’

दोनेक वर्षं!
आणि मी जो धोंडा एवढी वर्षं वाहिला
त्याला दुसऱ्या बाजूनं कुणाचाच हात नव्हता.
हलकं वाटायला हवं होतं.
खोटं कशाला बोलू, आधी अपमान वाटला.
मला वाटायचं, माझ्यावाचून ते रान झुरतंय.
ती टोचणी म्हणजे त्या जमिनीवरचा
माझा शेवटचा सातबारा होता,
आणि तो मीच, रोज रात्री,
माझ्याच नावावर चढवत होते.

कळप आता एगिलची सून घेतेय.
बाबा तिला शिकवतात, तिच्यावर ओरडतात,
ती उलटून ओरडते.
मी त्या आवाजात दोन दिवस छान झोपले.

निघताना बाबांनी तोंड उघडून दाखवलं.
मागची दाढ पडलेली, कधीची कोण जाणे.
मी खिडकीच्या उजेडाकडे त्यांचा चेहरा वळवला,
अंगठ्यानं हिरडी चाचपली,
आणि माप घेतलं.