घडी न मोडता

पामतेलाचा पाच लिटरचा डबा,
बुचाला मेण लावून घट्ट केलेला.
त्याला मांडववाल्याने टाकून दिलेल्या
केशरी ताडपत्रीची पिशवी,
शिवण दुहेरी, तोंडाला तीन वळ्या,
आणि माझ्या कमरेपर्यंत
साडेतीन हात नायलॉनची दोरी.
एवढ्या वर्षांत मशीनवर मी
ही एकच वस्तू स्वतःसाठी शिवली.

आत सात ब्लाऊज.
पलीकडे कोरजाईत तांडेलांकडे लग्न आहे.

होडीवाल्यांचं चुकत नाही.
एकटीसाठी इंजिन कोण चालू करील,
डॉल्फिन बघायला येतात ते दहाच्या खाली नसतात.
रस्त्याने जावं तर देवबाग, मालवण, चौके,
नेरूरपारचा पूल, परुळे,
पोचेपर्यंत दुपार कलते.
आणि समोर तर
तांडेलांचा कोणीतरी शिडीवर चढून
मांडवाला झालर लावतोय,
तिची एक बाजू खाली गेलीय
हेसुद्धा इथून दिसतं.

आज नवमी. भांगाचं पाणी, फारशी ओढ नाही.
तिथीची पाऊणपट केली: पावणेसात.
तेव्हा भरती भरते आणि जराशी थबकते.
तेवढा वेळ खाडी कोणाचीच नसते.

मी उतरते.
पहिले पन्नास हात डबा
कुत्र्याच्या पिल्लासारखा टाचांशी झोंबतो,
मग शहाणा होतो.

बापूस जायचा तेव्हा कपडे डोक्याला बांधायचा.
मान ताठ, पाण्यातून वरात निघाल्यासारखी.
म्हणायचा, भिजू द्यायचं नाही ते
डोळ्यांच्या वर ठेवावं.
मला ते जमलं नाही.
मला तोंड पाण्यात घालूनच पोहता येतं,
मग जपायचं ते मागून येतं,
दिसत नाही,
कमरेला तेवढं कळतं.

मध्यावर एक गार पट्टा लागतो,
तिथे नदी अजून नदीच असते.
तिथेच नेमकी आठवते
गेल्या मार्गशीर्षात उसवलेली शिवण.
तेव्हा पिशवीत फक्त माझे कपडे होते.
आज नवरीचा मोतिया ब्लाऊज आहे,
पाठीला नऊ बटणं, कापडाने मढवलेली,
एकेका बटणाला रात्रीची पंधरा मिनिटं.
मागे वळून बघायचं नाही.
बघितलं की दम तुटतो.

न्हाऊ आडारकर होडीत जाळं झाडत होता.
"गे जयवंती, खंय? बाजाराक?"
"ब्लाऊज पोचवूक."
"भिजतले मगे!"
"तू आपला जाळा बघ."

पलीकडे माडाच्या आडोशाला
आधी हात पुसले, मग वळ्या उलगडल्या.
कापड कोरडं. जरा गार,
पण इस्त्रीचा वास तसाच.
कपडे बदलून, केस पदराखाली घेऊन
पुढच्या दाराने गेले.
नवरीने घडीवरून बोट फिरवलं, घडी मोडली नाही.
"मावशी, गाडी मिळाली वेळेवर?"
"मिळाली," म्हटलं.

शिलाईतले दोनशे राहिले.
त्याबदली सोळा बांगडे, केळीच्या पानात, वर प्लास्टिक.
जेवूनच जा म्हणाल्या.
मलाही ओहोटीचं पाणी थांबेस्तोवर
बसायचंच होतं.

एकच्या सुमाराला परत.
बांगडे माझ्यामागून खाडीतून निघाले,
आपल्याच पाण्यातून,
आणि कोरडे.
असं त्यांच्यात कोणी केलं नसेल.

न्हाऊ तिथेच. होडीत सकाळपासून पाच शेंगटी.
"आता गे काय?"
"मासे."
तो हसणार होता,
मग त्याने खाली आपल्या होडीत बघितलं.

पाण्यात पिशवी उघडायची नाही
हा माझा नियम.
होडीच्या काठाला कोपर टेकून
मी दातांनी गाठ सोडली.
चार त्याला. बारा घरी.