डावा कान

माझं काम सलगतेचं.
कोणाचा ग्लास कितपत भरला होता,
सिगारेट कुठवर जळली होती,
बंदूक कोणत्या खांद्यावर,
सगळं वहीत, शॉटच्या नंबरासकट.
पडद्यावर एक मिनिट जातं, आमचे चार दिवस जातात,
आणि त्या मिनिटाची शिवण दिसू नये
म्हणून मला पगार मिळतो.

त्रिएस्तेच्या गोदीत भंगारात निघालेली बोट,
महिन्याच्या भाड्यानं घेतलेली.
जुनं नाव खरवडून नवं रंगवलं: लेवान्तीना.
ऑपेरा आहे, पण थिएटर नाही.
खरा डेक, खरा गंज.
बोरा वारा सुटला की ओलिसांचे विग उडतात
आणि अपहरणकर्ते धावत जाऊन ते आणून देतात.

ऑर्केस्ट्रा इथे नाहीच.
तो ल्युब्लियानात मार्चमध्येच वाजवून घरी गेला.
गाणाऱ्यांच्या कानात मटाराएवढं यंत्र, व्हायोलिनं त्यात.
आम्हा बाकीच्यांना फक्त उघडा गळा ऐकू येतो:
एक माणूस पिस्तूल रोखून हवेला काहीतरी आर्त सांगतो
आणि मधेच गप्प होतो, चोवीस मात्रा,
पत्ता विसरल्यासारखा.

फाटकाबाहेर दोन घोळके.
एक म्हणतो, खुन्यांना तुम्ही गळा दिलात.
दुसरा म्हणतो, आमच्या छावण्यांचं तुम्ही पार्श्वसंगीत केलंत.
मधोमध म्हातारा दुशान भाजलेले चेस्टनट विकतो,
दोन्हीकडे एकाच भावानं,
आमच्याच कालच्या वेळापत्रकांच्या पुड्यांत.

रमझी नाझरेथचा.
चौघांतला सगळ्यात धाकटा अपहरणकर्ता.
त्याच्या ओळीत एका गावाचं नाव येतं, नकाशावर आता नसलेल्या.
तिसऱ्या दिवशी तो गाता गाता थांबला:
इथे 'ए' नाही, 'आ' आहे. माझी आजी तसं म्हणायची.
संगीत सांभाळणाऱ्या बाईंनी पेन्सिलीनं
एक स्वर खोडला, एक लिहिला.
दहा सेकंद.
गावाला एवढं मिळालं.

सोमवारी फ्रीडा रोझनर आली, अँटवर्पहून.
मेलेल्याची मुलगी. बासष्टची. हातात प्लास्टिकची पिशवी.
तिच्या बापाचं शेवटचं गाणं मॉनिटरवर दाखवलं.
ती रडेल म्हणून कोणीतरी पाण्याची बाटली धरून उभं.
ती म्हणाली, 'कानात यंत्र नको.
बोटीवर बाबा ते काढून खिशात ठेवायचे,
इंजिनाची घरघर सोसायची नाही.
त्या पोरांनी काय काय सुनावलं असेल,
का मारतोय, कुठल्या गावापायी,
त्यांना एक अक्षर ऐकू गेलं नसणार.
घड्याळं दुरुस्त करणारा माणूस.
ओठांकडे बघत हसले असतील,
गिऱ्हाइकाकडे बघून हसायचे तसे.'

रमझीनं केसांआडचं आपलं यंत्र काढलं
आणि नुसतं मुठीत धरलं.

दिग्दर्शक म्हणाला, काढू या. मग त्याला आठवलं.
खर्जात गाणाऱ्या लेओपोल्दच्या डाव्या कानातल्या
त्या जुनाट, बदामी यंत्राच्या पोटातच
आम्ही ऑर्केस्ट्रा लपवला होता.
काढलं तर त्याला गाता येत नाही.
ठेवलं तर तो तो माणूस नाही.

संध्याकाळी एकच शॉट घेतला, गाण्याविना.
लेओपोल्द खुर्चीत, कान मोकळा.
रमझी त्याच्यासमोर आख्खं कडवं गायला,
गावाच्या नावातला 'आ' लांबवत,
आणि तो त्याच्या ओठांकडे बघत राहिला.
हसायचं त्याला सांगितलं होतं.
हसू आलं, जरा उशिरा.

शॉट एक्केचाळीस ते त्रेचाळीस: यंत्र डाव्या कानात.
शॉट चव्वेचाळीस: कान रिकामा.
शॉट पंचेचाळीस: पुन्हा यंत्र.
माझ्या धंद्यात याला ढळढळीत चूक म्हणतात.
वही पुढे केली तर दिग्दर्शकानं कानांवर हात ठेवले.

फ्रीडा जाताना माझ्या खांद्यावरून वाकली.
मी लिहिलं होतं: यंत्र कोटाच्या आतल्या खिशात, डाव्या.
'उजव्या,' ती म्हणाली. 'ते डावरे होते.'
मी खोडलं.